वेणी, अंबाडा आणि वस्तरा: एका समजाचे खंडन

बुलढाणा जिल्ह्यातले वडनेर भोलजी असो, मलकापूर असो की नांदुरा, बायकांच्या केसांचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकायला मिळते. कुमारिकेची वेणी, सवाशिणीचा अंबाडा आणि विधवेचे मुंडण ही आपली जुनी व्यवस्था होती. बाईच्या डोक्याकडे पाहिले की तिचे समाजातले स्थान कळे. ही व्यवस्था वेदकाळापासून चालत आली, शास्त्राने घालून दिली आणि सगळे हिंदू ती पाळत. आताच्या मुलींनी केस कापले, मोकळे सोडले आणि ती मोडली. हे मत म्हाताऱ्यांपुरते नाही. चांगली शिकलेली माणसे ते अधिक ठामपणे मांडतात आणि वर चीनचा दाखला देतात: तिथेही बाईची केशरचना तिचे लग्न सांगायची, मग आपल्याकडे वेगळे का असेल?

या मतात चार विधाने आहेत. केशरचना लग्नाची खूण होती, ही खूण प्राचीन आहे, ती शास्त्राने सांगितली आहे आणि ती सर्वांची होती. माझ्या मते चारही विधाने टिकत नाहीत.

आधी चीनचे बघू, कारण तिथे पूर्वपक्षाची बाजू खरी आहे. ‘लीजी’ या प्राचीन आचारग्रंथात मुलीने पंधराव्या वर्षी केस वर बांधून त्यांत काटा खोवण्याचा विधी आहे. तो झाला की ती लग्नाला योग्य झाली. पुढे लग्नाच्या वेळी केस विंचरून वर बांधले जात आणि ते तसेच राहत. मोकळी लांब वेणी मुलीची, वर बांधलेला बुचडा लग्न झालेल्या बाईचा, असा भेद तिथे शतकानुशतके चालला. पण चीनमध्ये होते म्हणून महाराष्ट्रात होते, असे अनुमान निघत नाही. आपल्याकडचा पुरावा वेगळेच सांगतो.

आपल्या समाजाने लग्नाच्या खुणा कुठे ठेवल्या? कपाळावर, गळ्यात, मनगटात आणि पायाच्या बोटांत. कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा, जोडवी. या चार ठिकाणी चूक झाली तर गावभर बोभाटा होई. केसांच्या आकाराबाबत तसा नेम नव्हता. सवाशीण तिपेडी वेणी घाली, खोपाही घाली. शेतात निंदणीला जाणारी बाई केस घट्ट बांधी ते कामासाठी. तिची न परणलेली लेकही त्याच कामाला तसेच बांधी. सणाला केस कमी पडले तर गंगावन लावले जाई आणि त्यावर फुले माळली जात. बाईची ऐपत, वय, काम, सणवार हे तिच्या केसांत दिसे, पण तिचा नवरा जिवंत आहे की नाही हे शोधायला कपाळाकडेच बघावे लागे.

यावर एक खरोखर बळकट उदाहरण पुढे येऊ शकते, आणि ते वऱ्हाडातलेच आहे. बंजारा बायकांची घुगरी आणि चोटला हे केसांत बांधायचे दागिने लग्न झालेल्या बाईच्या खुणा मानले जातात. हे खरे आहे आणि मान्य केलेच पाहिजे. पण इथेही अर्थ दागिन्यात आहे, अंबाड्याच्या घाटात नाही. आणि ही तांड्याची स्वतःची रीत आहे. तिच्यावरून कुणब्या-माळ्यांच्या किंवा ब्राह्मणांच्या घरांचा नियम काढता येत नाही. ज्या समाजाने केसांत खूण ठेवली त्याने ती वेगळी, ठळक करून ठेवली. बाकीच्यांनी ती तिथे ठेवलीच नाही, हेच यावरून दिसते.

आता प्राचीनतेकडे. बुलढाणा जिल्ह्याच्या पाठीशी अजिंठ्याचा डोंगर आहे. वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकात, रंगवलेल्या लेण्यांतल्या स्त्रिया बघाव्यात. सतराव्या लेण्यात आरसा घेऊन शृंगार करणारी राजकन्या आहे. इतर भिंतींवर राण्या आहेत, दासी आहेत, नर्तकी आहेत. कुणाचे केस पाठीवर मोकळे, कुणाच्या कुरळ्या बटा गालावर आलेल्या, कुणाचा बुचडा मानेवर तर कुणाचा एका बाजूला, कुणाच्या केसांत मोती आणि फुले. राणी आणि दासी यांतला भेद मुकुटावरून आणि दागिन्यांवरून कळतो. केस मोकळे सोडणे म्हणजे असंस्कृतपणा, असे त्या चित्रकारांना वाटत नव्हते. आपल्या डोक्यात जी ‘पारंपरिक मराठी स्त्री’ बसली आहे, नऊवारी, नथ, खोपा आणि त्यावर गजरा, ती बरीचशी छापील चित्रांनी आणि पुढे सिनेमाने घडवली. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवघरापासून दुकानापर्यंत एकाच तऱ्हेच्या स्त्रिया भिंतींवर आल्या. त्या चित्रांना दीड हजार वर्षांची परंपरा समजणे हा दृष्टिभ्रम आहे.

शास्त्राचा दावा सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यावे लागेल. आधी लग्न. आश्वलायन गृह्यसूत्रात लाजाहोम झाल्यावर, सप्तपदीच्या आधी, एक छोटा विधी आहे. वधूच्या केसांच्या दोन बाजूंना लोकर गुंफून बट बांधली असेल तर वराने ती सोडायची. म्हणजे चीनमध्ये लग्नात केस वर बांधले जातात, तर आपल्या एका प्रमुख गृह्यसूत्रात लग्नात केसांची गाठ सुटते. बाईच्या केसांचा दुसरा मोठा संस्कार सीमंतोन्नयनाचा. गर्भारपणात नवरा साळिंदराच्या काट्याने बायकोचा भांग काढतो. त्यात माया आहे, बाळाची काळजी आहे. बंधन नाही.

आता विधवा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अंत्यसंस्काराच्या सूक्तात मेलेल्या पतीशेजारी पडलेल्या स्त्रीला ऊठ, जिवंतांच्या जगात परत ये, असे सांगितले आहे. केसांचा उल्लेख नाही. बौधायन धर्मसूत्र विधवेला एक वर्ष मध, मांस, मद्य आणि मीठ वर्ज्य करायला आणि जमिनीवर झोपायला सांगते. मुंडण नाही. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय विधवेने फुले, मुळे, फळे खाऊन देह कृश करावा म्हणतो. तो नियम कठोर आहे, पण त्यातही मुंडण नाही. मनूला मुंडण ठाऊक नव्हते असे नाही. आठव्या अध्यायात ते आहे, पण दंड म्हणून. कुमारिकेला दूषित करणाऱ्या स्त्रीचे डोके तत्काळ मुंडावे, आणि जिथे इतरांना देहदंड आहे तिथे ब्राह्मणाला त्याऐवजी मुंडणाचा दंड द्यावा, असे मनू सांगतो. मुंडण म्हणजे मृत्युदंडाच्या जागी बसणारी शिक्षा. मग हीच शिक्षा नवरा पटकीने किंवा प्लेगने मेलेल्या बारा वर्षांच्या मुलीला कोणत्या गुन्ह्यासाठी दिली जात होती? शास्त्राचा आधार घेणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यायला हवे.

पराशरस्मृतीत तर त्याहून स्पष्ट बोलले आहे. प्रायश्चित्तात पुरुषाने सगळे डोके मुंडावे. स्त्रीने सगळे केस एकत्र धरून टोकाचे दोन बोटे केस कापावेत, तेच तिचे मुंडण. प्रयागच्या संगमावर वेणीदान करताना मराठी बायका आजही वेणीचे टोकच कापतात, अख्खी वेणी नव्हे. म्हणजे ही मर्यादा पोथीतही आहे आणि आचारातही टिकली आहे.

मग केशवपन आले कुठून? भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न तपशिलाने तपासला. वेदांत, गृह्यसूत्रांत, धर्मसूत्रांत आणि जुन्या प्रमुख स्मृतींत विधवेच्या मुंडणाला आधार नाही; ही रूढी उत्तरकाळात हळूहळू वाढली, असा त्यांचा निष्कर्ष आहे. व्यासस्मृतीसारख्या उत्तरकालीन ग्रंथात केस टाकल्याचा उल्लेख येतो. स्कंदपुराणाच्या काशीखंडात तर कारणही दिले आहे: विधवेने बांधलेली वेणी परलोकात नवऱ्याला बांधून ठेवते. कुणी म्हणेल, पुराणही शास्त्रच आहे. पण विरोध आला की श्रुतीपुढे स्मृती आणि स्मृतीपुढे पुराण दुबळे, हा नियम याच परंपरेने मान्य केला आहे. शास्त्राने भांडायचे ठरवले तर शास्त्राच्याच नियमाने केशवपनाचा पक्ष पडतो.

चौथे विधान, सर्व हिंदू ते पाळत. हे वऱ्हाडात तरी कुणी म्हणू नये. इथल्या बहुसंख्य जातींत पाट लावण्याची रीत होती. नवरा गेलेली कुणबीण, माळीण, कोळीण पुन्हा संसार थाटे. तिच्या डोक्यावरून वस्तरा फिरण्याचा प्रश्नच येत नव्हता. केशवपन मुख्यतः ब्राह्मणांचे आणि त्यांचे पाहून वरची पायरी चढू पाहणाऱ्या काही घरांचे होते. कुलीन मराठा घराण्यांनी पाट नाकारला, तोही याच चढाओढीत. थोड्या घरांच्या रूढीला ‘आपली परंपरा’ म्हणायचे आणि गावातल्या निम्म्याहून अधिक आज्यांचे आयुष्य हिशेबातच घ्यायचे नाही, हा त्या आज्यांवर अन्याय आहे.

बुलढाणा जिल्ह्याला हे सांगण्याचा अधिकार आहे, कारण इथल्या एका बाईने ते 1882 मध्येच सांगितले. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे तिथल्या सरकारी कचेरीत नोकरीला. सुरतच्या विजयालक्ष्मी या तरुण ब्राह्मण विधवेवर अर्भकहत्येचा खटला चालला, वर्तमानपत्रांनी साऱ्या बायकांवर आग पाखडली आणि ताराबाईंनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिली. पुस्तक पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यात छापले गेले. त्यात त्या विधवेच्या डोक्यावरचे केस काढणाऱ्या हाताकडे बोट दाखवतात आणि पुरुषांना उलटे विचारतात: बायको मेल्यावर तुम्ही दाढीमिशा काढून रानात का जात नाही? हा प्रश्न विनोद म्हणून वाचला जातो, पण तो तर्कशास्त्राचा आहे. केस काढणे हे शोकाचे चिन्ह असेल तर शोक दोघांनाही होतो. ते फक्त एकाच्याच डोक्यावर उमटत असेल तर ते शोकाचे चिन्ह नाही, ते ताब्याचे आहे. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकात त्यांची बाजू घेतली. पुढे पुस्तक विस्मरणात गेले ते 1975 मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणले.

ताराबाईंच्या बोटाच्या रोखाने पाहिले की माझा पक्ष स्पष्ट होतो. केस स्वतःहून काहीच सांगत नाहीत. ते वाढतात. मुंडलेल्या डोक्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा खुंट येतात. म्हणून केशवपनाची खूण एकदा करून भागत नसे. ती पुन्हापुन्हा, आयुष्यभर, दुसऱ्याच्या हाताने करवून घ्यावी लागे. जी खूण टिकवायला सतत वस्तरा लागतो ती निसर्गाचीही नाही आणि श्रद्धेचीही नाही. ती सत्तेची आहे, आणि तो हात थांबला की ती संपते.

हे घडून दाखवले न्हाव्यांनी. 1890 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचे केशवपन न करण्याचा निश्चय केला. लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधु’चे संपादक, गिरणी कामगारांचे पुढारी. श्लोकांवर जे वाद वर्षानुवर्षे संपत नव्हते तिथे कष्ट करणाऱ्या माणसांनी नकार दिला. अकोल्यात शिकलेले समाजसुधारक आगरकर 1888 पासून ‘सुधारका’त याच रूढीवर लिहीत होते. लेखणी आणि वस्तरा, दोन्ही बाजूंनी कोंडी झाली. पुढे हिंगण्याच्या विधवाश्रमासाठी गावोगाव फिरणाऱ्या पार्वतीबाई आठवले यांनी अनेक वर्षे मुंडण पाळल्यावर केस वाढवण्याचा निर्णय घेतला आणि ‘माझी कहाणी’त त्याची कारणमीमांसा लिहून ठेवली. त्यांनी दुसऱ्याचा हात दूर केला आणि आपल्या डोक्याचा निर्णय स्वतः घेतला.

आता पुन्हा चीन. तिथली खूण पक्की होती असे मी मान्य केले. पण तिचेही पुढे काय झाले ते बघा. एकोणिसाव्या शतकात दक्षिण चीनमध्ये शुंदेच्या परिसरात रेशमाच्या गिरण्या निघाल्या, मुलींच्या हाती मजुरी आली. त्यांतल्या कित्येकींनी देवापुढे शपथ घेऊन, लग्न न करताच, आपले केस आपणच वर बांधले. लग्नाचे चिन्ह त्यांनी स्वातंत्र्याचे केले. बुचडा तोच होता, फक्त कंगवा धरणारा हात बदलला होता आणि त्याबरोबर अर्थही बदलला. ज्या देशाचा दाखला पूर्वपक्ष देतो तो देशही माझ्याच बाजूने साक्ष देतो.

हा वाद जुन्या पोथ्यांपुरता नाही. 4 मे 2022 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे आणि जोडवी काढणे बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसे करण्याचे आवाहन केले. हेरवाडला केशवपनावर ठराव करावा लागला नाही, कारण करायला ते उरलेच नव्हते. जे सनातन म्हणून सांगितले जाई ते दोन-तीन पिढ्यांत गेले. धर्म बुडाला नाही, देव कोपला नाही, कोणाचा नवरा परलोकात अडकला नाही. म्हणून कुंकू आणि बांगड्यांच्या बाबतीत पुन्हा ‘शास्त्र’ आणि ‘परंपरा’ पुढे केली जाते तेव्हा केशवपनाचा इतिहास दाखवावा.

परंपराच हवी असेल तर तीही आहे: गर्भारपणात मायेने भांग काढणारी, प्रायश्चित्तातही दोन बोटांवर थांबणारी, मेलेल्याजवळून जिवंत बाईला जगात परत बोलावणारी. वडनेर भोलजीपासून सिंदखेडराजापर्यंत या जिल्ह्यातल्या ग्रामसभांनी हेरवाडसारखा ठराव करावा, आणि त्यात ताराबाई शिंदे यांचे नाव आदराने घ्यावे. केस कापायचे, बांधायचे की मोकळे सोडायचे, कुंकू लावायचे की नाही, हे त्या त्या बाईने ठरवावे. तिच्यासाठी ते ठरवण्याचा अधिकार ना शास्त्राने कुणाला दिला आहे, ना परंपरेने.