जखमी माजी सैनिक : मानसिक आरोग्य व समाजाधार

युद्धात, सीमेवरील चकमकीत, सुरुंगस्फोटात किंवा कर्तव्यावरील अपघातात कायमची इजा होऊन सैन्यातून बाहेर पडलेल्या सैनिकाचे मन सावरावे, यासाठी कुटुंब, जुने सहकारी, विश्वस्त संस्था, शासकीय कल्याणयंत्रणा आणि गाव किंवा वसाहत यांच्याकडून मिळणाऱ्या साहाय्यास समाजाधार म्हणतात. औषधे व मानसोपचार यांची जागा समाजाधार घेऊ शकत नाही. मात्र रुग्णालयातून सुटका झाल्यावर पुढची तीस-चाळीस वर्षे ज्या माणसांत काढायची, त्यांच्या वागण्यावर उपचारांचे यश पुष्कळ अंशी अवलंबून असते. महाराष्ट्रात जखमी सैनिकांच्या पुनर्वसनाची परंपरा शंभर वर्षांहून जुनी असून तिची प्रमुख केंद्रे पुणे व खडकी येथे आहेत. मराठवाड्यासारख्या दूरच्या भागात, तसेच छत्रपती संभाजीनगरलगतच्या वाळूज-बजाजनगरसारख्या कामगार वसाहतींत या परंपरेचा लाभ प्रामुख्याने जिल्हा पातळीवरील कार्यालये आणि माजी सैनिकांचे परस्परसंबंध यांच्यामार्फत पोहोचतो.

मानसिक परिणाम : पहिल्या महायुद्धाच्या काळात तोफगोळ्यांच्या माऱ्यानंतर सैनिकांना होणारी थरथर, वाचा जाणे, झोप उडणे इत्यादी लक्षणांना चार्ल्स मायर्स या ब्रिटिश डॉक्टरने १९१५ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील लेखात ‘शेल शॉक’ या नावाने वैद्यकीय चर्चेत आणले. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रोगवर्गीकरणात आघातोत्तर तणाव विकृती हा स्वतंत्र विकार म्हणून नोंदला गेला. या विकारात जिवावर बेतलेला प्रसंग नको असताना पुनःपुन्हा मनात उभा राहतो, त्याची आठवण देणारी ठिकाणे व विषय टाळले जातात, माणूस सतत सावध व चिडखोर राहतो आणि फटाक्यांची माळ किंवा गाडीच्या टायरचा स्फोट अशा आवाजानेही दचकून उठतो.

शरीराला इजा झालेल्या सैनिकात याच्या जोडीला आणखी काही त्रास असतात. कापून टाकलेला पाय किंवा हात जागेवरच आहे असे वाटून त्यात वेदना होतात. या आभासी अवयवाला सायलस वेअर मिचेल या अमेरिकी डॉक्टरने १८७१ मध्ये नाव दिले. वेदना खरी असली तरी दुखणारा भाग दिसत नसल्यामुळे घरच्यांचा त्यावर विश्वास बसत नाही आणि रुग्णही हळूहळू बोलायचे थांबतो. मणक्याला इजा होऊन कमरेखालचे शरीर लुळे पडले, ज्याला पॅराप्लेजिया म्हणतात, तर लघवी-शौचावरील ताबा, लैंगिक जीवन व अपत्यप्राप्ती यांविषयीचे प्रश्न निर्माण होतात आणि ते विचारण्याचा संकोच खिन्नतेत भर घालतो. शिवाय जवान साधारणपणे विशीच्या आसपास भरती होत असल्याने पलटण हेच त्याचे दुसरे घर झालेले असते. ‘बोर्ड आउट’ होणे, म्हणजे वैद्यकीय मंडळाने अपात्र ठरवून सेवामुक्त करणे, हे त्याच्या दृष्टीने नोकरी जाण्याइतकेच घर सुटण्यासारखेही असते.

विकलांगता निवृत्तिवेतन आणि मन : इजा किंवा आजार सैनिकी सेवेमुळे उद्भवला अथवा सेवेमुळे बळावला, असे मान्य झाल्यावरच विकलांगता निवृत्तिवेतन मिळते, शत्रूच्या कारवाईत झालेल्या इजेसाठी युद्धजखम निवृत्तिवेतनाची स्वतंत्र व अधिक उदार तरतूद आहे. गोळीची जखम कागदावर सहज सिद्ध होते, मनाच्या आजाराबाबत मात्र ‘हा स्वभावदोष’ किंवा ‘घरगुती ताण’ असे म्हणण्यास वाव राहतो. धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये असा निर्वाळा दिला की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक त्या वेळी निरोगी होता असे धरून चालावे आणि आजार सेवेशी संबंधित नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी शासनावर राहावी. तो खटला फेफऱ्याच्या आजाराचा असला, तरी त्यातील तत्त्व मानसिक आजारांच्या दाव्यांतही आधाराला घेतले जाते. दावा लढवताना जखमी माणसाला आपले दुखणे खरे आहे हे वर्षानुवर्षे सांगत राहावे लागते. त्यामुळे अर्ज भरून देणारा, तारखेला सोबत येणारा अनुभवी माजी सैनिक हाही मानसिक आधाराचाच भाग ठरतो.

महाराष्ट्रातील संस्था : पहिल्या महायुद्धातून अपंग होऊन परतलेल्या हिंदी सैनिकांना एखादा धंदा शिकवावा, या हेतूने मुंबईच्या गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांनी १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन केली, पुढे ती खडकीला हलली आणि तेथे अपंग सैनिकांना व्यवसायशिक्षण देण्याचे काम तिने चालू ठेवले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. १९७१ च्या युद्धात भारताचे नऊ हजारांवर सैनिक जखमी झाले. त्यांतील मणक्याची इजा झालेल्यांचा प्रश्न समोर आल्यावर १९७४ मध्ये खडकी येथे पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर उभे राहिले. घरी परतून जगणे कठीण असलेले जवान येथे दीर्घकाळ वास्तव्य करतात, काम शिकतात आणि चाकाच्या खुर्चीवरील खेळ खेळतात.

या संस्थांची उद्दिष्टे कागदोपत्री हात, पाय, धंदा व निवारा अशी होती आणि मनाचा उल्लेख त्यांत क्वचितच आढळतो. प्रत्यक्षात मात्र सारख्या इजेची माणसे एका छताखाली आल्याने जे घडते, त्याला आज सहअनुभवी आधार म्हटले जाते. मणक्याच्या इजेच्या कोणत्याही वसतिकेंद्रात नव्याने आलेल्या जवानाला पलंगावर कूस कशी बदलावी, दाबामुळे होणाऱ्या जखमा कशा टाळाव्यात, हातांच्या जोरावर पलंगावरून खुर्चीत कसे सरकावे हे परिचारकाइतकेच शेजारच्या खाटेवरचा जुना जवान शिकवतो. ‘लग्न होईल का’ हा प्रश्नही डॉक्टरांच्या आधी त्यालाच विचारला जातो, कारण उत्तर देणारा स्वतः त्या अवस्थेतून गेलेला असतो.

खेळ : जखमी सैनिकांच्या पुनर्वसनात खेळाला मानाचे स्थान मिळाले ते इंग्लंडमधील स्टोक मँडविल येथील लुडविग गुटमान यांच्यामुळे. लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, २९ जुलै १९४८ रोजी, त्यांनी मणक्याची इजा झालेल्या १६ जणांची तिरंदाजी स्पर्धा घेतली आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक स्पर्धा उदयास आल्या. सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर हे ईएमई या तांत्रिक दलातील जवान व मुष्टियोद्धे १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहणे सुरू केले आणि १९७२ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. हे भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक होय. त्यांना सैन्याबाहेरचे पाठबळही लाभले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने स्वयंसेवी क्षेत्रातून त्यांना साहाय्य मिळाले आणि पुण्यातील टेल्को कारखान्यात त्यांनी नोकरी केली. मात्र पद्मश्री मिळण्यासाठी २०१८ साल उजाडावे लागले.

खेळाचा हा धागा पुण्यात आजही अखंड आहे. खडकी येथे बॉम्बे इंजिनिअर ग्रुपच्या आवारात आर्मी पॅरालिम्पिक नोड हे प्रशिक्षणकेंद्र चालते. जम्मू-काश्मीरमध्ये २००२ मध्ये सुरुंगस्फोटात पाय गमावलेले नागालँडचे होकाटो होतोझे सेमा पुण्यातच गोळाफेकीकडे वळले आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी कांस्यपदक मिळवले. खेळाबाहेरचे उदाहरण द्यायचे तर, १९७१ च्या युद्धात पाय गमावल्यानंतर कृत्रिम पायावर बटालियन व पुढे ब्रिगेडचे नेतृत्व करणारे, मुंबईत जन्मलेले मेजर जनरल इयान कार्डोझो यांनी पुढे भारतीय पुनर्वसन परिषदेचे अध्यक्षपद भूषवले. ही उदाहरणे प्रेरक असली तरी प्रातिनिधिक नाहीत; प्रत्येक जखमी जवानाने पदकच जिंकावे अशी अपेक्षा ठेवल्यास ते न जमणाऱ्या बहुसंख्यांच्या मनात आपण कमी पडलो ही भावना अधिकच घट्ट होते.

शासकीय यंत्रणा : राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यातून चालतो. जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील सैनिक मंडळ आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय काम पाहते. ७ डिसेंबर हा दिवस १९४९ पासून सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने जमणारा निधी युद्धविधवा, अपंग सैनिक व माजी सैनिकांच्या कल्याणासाठी खर्च होतो. माजी सैनिकांच्या उपचारांसाठी ईसीएचएस ही अंशदायी आरोग्ययोजना एप्रिल २००३ पासून लागू असून तिचे पॉलिक्लिनिक रुग्णाला पुढे लष्करी किंवा संलग्न रुग्णालयात पाठवते. माजी सैनिकांना रोजगार मिळवून देण्यासाठी राज्याने २००२ मध्ये ‘मेस्को’ हे महामंडळ स्थापन केले.

मानसिक आरोग्याशी थेट संबंध असलेली तरतूद अलीकडची आहे. केंद्र शासनाने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेली-मानस या दूरध्वनी समुपदेशन सेवेचा सशस्त्र दलांसाठीचा विशेष कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. लष्करी जीवनाची भाषा समजणारा समुपदेशक उपलब्ध व्हावा, हे या वेगळ्या कक्षामागचे मुख्य कारण होय. कायद्याच्या पातळीवर दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ याने मान्य केलेल्या दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत मानसिक आजाराचाही समावेश आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी उपचार देण्याची दिशा घालून दिली.

मराठवाडा व बजाजनगर : पुण्यातील संस्थांपासून छत्रपती संभाजीनगर सुमारे २३५ किलोमीटरवर आहे. शहरात लष्करी छावणी, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि ‘घाटी’ या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तरीही मणक्याची इजा किंवा कृत्रिम पाय यांसाठी पुण्याच्या फेऱ्या चुकत नाहीत. शहराच्या पश्चिमेस वाळूज औद्योगिक वसाहतीत १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाल्यानंतर वडगाव कोल्हाटी ग्रामपंचायतीच्या हद्दीत बजाजनगरची वस्ती वाढली. सैन्यातून चाळिशीच्या आत निवृत्त होणारे जवान महाराष्ट्रातील बहुतेक औद्योगिक वसाहतींत सुरक्षारक्षक म्हणून दुसरी नोकरी धरतात. या नोकरीमुळे गणवेश, शिस्त व पगार पुन्हा मिळत असले तरी आलटून-पालटून येणारी रात्रपाळी आधीच मोडलेल्या झोपेला मारक ठरते. ज्याला दीर्घकाळ उभे राहता येत नाही, त्याला अनेकदा हीही वाट बंद असते. शिवाय कामगार वसाहतीत शेजारी वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेले असल्याने गावाकडे पारावर आपोआप होणारी विचारपूस येथे मुद्दाम घडवून आणावी लागते.

माजी सैनिकांची सोबत पुन्हा जुळवण्याचा एक वेगळा प्रयोग मराठवाड्यात झाला. येथील उजाड टेकड्यांवर वृक्षलागवड करण्यासाठी २०१७ मध्ये प्रादेशिक सेनेची १३६ इन्फन्ट्री बटालियन इको महार ही माजी सैनिकांची तुकडी संभाजीनगरात उभी राहिली. तिचा उद्देश पर्यावरणाचा होता. परंतु निवृत्तीनंतर सोबत्यांबरोबर रोजचे, मोजता येणारे काम मिळणे हे मनाला स्थैर्य देणारे असते. शारीरिक पात्रतेच्या अटीमुळे गंभीर जखमी सैनिक अशा तुकडीबाहेर राहतात. तरी रोपवाटिका, नोंदवही, साहित्यभांडार यांसारखी बैठी कामे त्यांच्यासाठी राखता येण्याजोगी आहेत.

कुटुंब व गाव : झोपेतले ओरडणे, वाढलेले मद्यपान आणि पाहुण्यारावळ्यांत न मिसळणे ही लक्षणे सर्वांत आधी पत्नीच्या लक्षात येतात. ती गोष्ट दाराबाहेर गेली तर ‘फौजी वेडा झाला’ असा बोभाटा होईल, या भीतीने ती लपवली जाते आणि उपचाराला उशीर होतो. हुतात्म्याच्या घराला समाजाने रीत दिली आहे. वीरपत्नी व वीरमाता यांचा सत्कार होतो. पहिल्या महायुद्धात ४६ जण गमावलेल्या साताऱ्याच्या अपशिंगे गावासारखी गावे मृतांची स्मारके जपतात. जखमी होऊन जिवंत परतलेल्यासाठी अशी कोणतीही रीत नाही. त्याची पत्नी आयुष्यभर परिचारिकेचे काम करते, पण तिला ना पदवी असते ना रजा. पूर्ण विकलांग सैनिकास कायम मदतनीसासाठी मिळणारा भत्ता हा तिच्या कष्टांचा एकमेव शासकीय उल्लेख म्हणावा लागेल.

मूल्यमापन : महाराष्ट्राने जखमी सैनिकाला पाय, धंदा व मैदान देण्यात देशात आघाडी घेतली, मनाची काळजी मात्र या कामांच्या ओघात घडत गेली आणि तीही प्रामुख्याने पुण्याच्या परिसरात. जिल्हा पातळीवरील माजी सैनिक मेळाव्यांत ‘स्पर्श’ ही निवृत्तिवेतन प्रणाली, ईसीएचएस कार्ड व थकबाकी यांची टेबले लागतात, तेथे समुपदेशकाचे टेबलही लावण्यास फारसा खर्च येत नाही. निवृत्तिवेतनधारकाला वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावाच लागतो. त्याच वेळी झोप, दारू व एकटेपणा यांविषयी चार साधे प्रश्न विचारले गेले, तर कधीही दवाखान्याची पायरी न चढणारा माणूसही यंत्रणेच्या नजरेस येईल. या दोन्ही गोष्टींसाठी नवा कायदा वा नवी संस्था लागत नाही. प्रशिक्षित माजी सैनिक आणि कार्यालयाची तयारी एवढे पुरेसे आहे. दरम्यान, टेली-मानसची १४४१६ या क्रमांकावरील सेवा विनामूल्य व चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते आणि सैनिकाप्रमाणेच त्याच्या कुटुंबीयांनाही तिचा उपयोग करता येतो.