वाळूच्या पिशवीवर उतरलेली विमाने

जहाजावर विमान उतरविण्याची विद्या तशी अर्वाचीन. चालत्या नौकेवर प्रथम विमान टेकविले ते एडविन डनिंग याने, २ ऑगस्ट १९१७ रोजी, 'फ्यूरिअस'वर. आणि पाचच दिवसांनी तोच प्रयोग पुन्हा करताना तो बुडाला. पुढे तक्तपोशीवर आडव्या तारा आल्या, विमानाच्या शेपटीला आकडा आला, व धोका पुष्कळसा आटोक्यात आला. परंतु ज्या विमानांना आकडाच नव्हता त्यांची हकीकत आम्हांस अधिक वेधक वाटते.

१९४० च्या मे महिन्यात फ्रान्सची आघाडी कोसळली आणि नॉर्वेतून माघार घेणे दोस्तांस भाग पडले. बार्डुफॉसच्या धावपट्टीवर ब्रिटिश हवाई दलाच्या ४६ व्या पथकाची हरिकेन विमाने होती. ती तेथेच नष्ट करावीत, असा हुकूम होता. पथकप्रमुख केनेथ क्रॉस याने विमाने वाचविण्याची परवानगी मागितली. (हुकुमाच्या कागदावर असा शेरा मारण्यास किती धैर्य लागते, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.) परवानगी मिळाली; परंतु वैमानिकांपैकी कोणी पूर्वी जहाजावर विमान उतरविलेले नव्हते, आणि आखूड तक्तपोशीवर करकचून ब्रेक लावावा तर हरिकेन नाकावर आपटणार.

उपाय निघाला तो अगदी घरगुती. शेपटीत वाळूची एक पिशवी ठेवावयाची! मागची बाजू जड झाली की नाक खाली जात नाही. 'ग्लोरिअस' जहाज वाऱ्यासमोर भरवेगात धावू लागले, म्हणजे विमान व तक्तपोशी यांच्या वेगांतील अंतर कमी झाले. प्रथम जेमिसन या न्यूझीलंडच्या वैमानिकाच्या नेतृत्वाखाली तीन विमाने उतरली. मागाहून ८ जूनच्या पहाटे, उत्तरेकडील न मावळणाऱ्या उजेडात, उरलेली सात. एकाही विमानाला धक्का लागला नाही.

त्याच दिवशी दुपारी 'शार्नहोर्स्ट' व 'ग्नाइझेनाउ' या जर्मन युद्धनौकांनी 'ग्लोरिअस'ला गाठले. टेहळणीसाठी एकही विमान आकाशात नव्हते; का नव्हते, यावर इतिहासकारांचा वाद अद्याप मिटलेला नाही. आमच्या मते, जहाजाच्या कप्तानास या प्रश्नातून मोकळे करणे कठीण आहे. तोफगोळा वरच्या विमानशाळेत फुटला, आग लागली, आणि संध्याकाळी जहाज बुडाले. 'आर्डंट' व 'अकॅस्टा' या सोबतच्या दोन विनाशिकाही गेल्या; तिन्ही जहाजांवर मिळून दीड हजारांहून अधिक माणसे दगावली. जाता जाता 'अकॅस्टा'ने मात्र 'शार्नहोर्स्ट'वर पाणतीर मारला होता.

दहाही हरिकेन समुद्रात गेली. ती उतरविणाऱ्या दहा जणांपैकी क्रॉस व जेमिसन हे दोघेच वाचले. सुमारे तीन दिवस ते गारठ्यात तराफ्यावर होते. आजूबाजूची माणसे एकेक करून मरत होती. अखेर एका नॉर्वेजियन जहाजाने त्यांना उचलले. दोघांनीही पुढे विमाने चालविली, आणि क्रॉस हवाई दलात एअर चीफ मार्शलच्या पदापर्यंत चढला.