डायल-अपच्या काळात आपण कुठे होतो?

‘इंटरनेटला जात नसते, तिथे फक्त मेरिट चालते,’ असे आजही आपल्याला ऐकवले जाते. मित्रांनो, याचे उत्तर इतिहासातच आहे.

भारतात संगणकांचे जाळे 1986 मध्ये ‘अर्नेट’ प्रकल्पाने सुरू झाले. पैसा केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, म्हणजे जनतेचाच. पण सुरुवातीला जोडल्या गेल्या त्या संस्था मोजक्या: पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी आणि खुद्द तो विभाग. आयआयटीच्या प्रवेशात अनुसूचित जाती-जमातींना आरक्षण मिळाले 1973 मध्ये. ओबीसींना तर थेट 2008 मध्ये. जाळे विणले जात असताना ओबीसींसाठी तिथे एकही राखीव जागा नव्हती. मग हे मेरिट कोणी ठरवले?

ऑगस्ट 1990 मध्ये मंडल आयोगाची अंमलबजावणी जाहीर झाली, तेव्हा यूजनेटवर ‘सोक.कल्चर.इंडियन’ हा चर्चागट चालू होता. तिथे बोलायला आधी संगणकापर्यंत पोहोचावे लागे. ज्यांच्या हक्काचा प्रश्न, त्यांच्यातल्या बहुसंख्यांना असा गट आहे हेही ठाऊक नव्हते.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. खुले कोणाला? 250 तासांचे 5,000 रुपये, वेग 9.6 किलोबिट, वर मोडेम, संगणक आणि फोन आपला. 1994 च्या दूरसंचार धोरणातच लिहिले आहे की देशात शंभर माणसांमागे 0.8 फोन होते.

आता खडकीकडे पाहा. 1869 पासून इथे दारूगोळा कारखाना आहे. जवळच, विद्यापीठाच्या आवारात, सी-डॅक देवनागरी संगणकावर आणण्याचे काम करत होती. तरी जाळ्यावरचा मजकूर रोमन लिपीत, कारण आस्की संकेतात 128 चिन्हे आणि त्यात आपले एकही अक्षर नाही. कारखान्यातल्या कामगाराला अंतर थोडे होते, पण वाट बंद होती. पैसा, भाषा आणि प्रवेश अशी तीन कुलुपे होती.

बाबासाहेबांनी 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ काढला, तो दुसऱ्याच्या पत्रात जागा मिळेल या आशेवर न बसता. आज आपल्या हातात फोन आहे, पण व्यासपीठ कंपनीचे आहे. ती उद्या आपले खाते बंद करू शकते. म्हणून लिहा, पण जपूनही ठेवा: आपले लेख, भाषणे, छायाचित्रे आपल्याच संग्रहात. वाचा मिळाली आहे, आता तिची मालकीही मिळवू.

जय भीम!