डोळ्यांतली मिरची आणि मेमोरँडम पंचनामा

खुनाच्या खटल्याच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं: आरोपीने पंचांसमक्ष कुऱ्हाड काढून दिली. पोलिसांपुढे तो सगळं कबूल झालेला असला तरी कोर्टात ती कबुली चालत नाही, कुऱ्हाड चालते. या तिरपागड्या नियमाचा माग काढत गेलो, तो थेट 1855 सालच्या मद्रास इलाख्यात जाऊन पोचलो.

तिथल्या छळाच्या तक्रारींची चौकशी करायला नेमलेल्या आयोगाचा अहवाल त्या वर्षी आला. बोटं चेपायची लाकडी ‘किट्टी’, माणसाला ओणवं वाकवून बांधणं, डोळ्यांत मिरचीपूड, सगळं त्यात आहे. महसूल आणि पोलीस तेव्हा एकाच तहसीलदाराच्या हाती होते. सारा थकलेला रयत आणि संशयित चोर, दोघांनाही तीच किट्टी.

1861 च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने पोलिसांपुढची कबुली बाद ठरवली. 1872 मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफनने तोच नियम पुरावा कायद्याच्या 25 आणि 26 व्या कलमांत बसवला. उन्हातान्हात पुरावा शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत बसून कुणाच्या डोळ्यांत मिरची चोळणं सोपं जातं, असं इथल्याच एका अधिकाऱ्याने आपल्याला ऐकवल्याचं त्याने पुढे नमूद केलं आहे.

पण लगेच 27 वं कलम येतं आणि बंद केलेल्या दाराची खिडकी उघडतं: आरोपीच्या सांगण्यावरून काही सापडलं, तर त्या शोधाशी निगडित तेवढं बोलणं ग्राह्य. हे बी विलायती. 1783 च्या वॉरिकशॉल खटल्यात आमिष दाखवून मिळवलेली कबुली इंग्रज न्यायाधीशांनी फेकून दिली, पण तिच्यामुळे बिछान्यात सापडलेला चोरीचा माल ठेवून घेतला. छळाने माणूस खोटं बोलेल, माल कसा बोलेल? युक्तिवाद बिनतोड वाटतो. मला तो अर्धाच पटतो, कारण माल सापडेपर्यंत मिरची चोळायला पुन्हा निमित्त मिळालंच की!

आता पंच. 27 व्या कलमात त्यांचं नावही नाही. ते आले झडतीच्या कलमातून: 1898 च्या संहितेत 103, 1973 च्या संहितेत 100. त्याच वस्तीतले निदान दोन प्रतिष्ठित रहिवासी हवेत, अशी अट. पंच म्हणजे मराठेशाहीतल्या गोतसभेचे वारस, असं अभिमानाने सांगितलं जातं. मला ते मान्य नाही. गोतसभा निवाडा करायची. आजचा पंच नुसता पाहतो आणि सही ठोकतो. मात्र कागदाचं वळण आपलं असावं. जुन्या महजरात, म्हणजे गोतसभेच्या निवाडपत्रात, हकिगत, हजर असलेल्यांची नावं आणि खाली पाटलाचा नांगर अशा निशाण्या असत. महजर लिहून हात बसलेल्या कारकुनांनीच इंग्रजी झडतीची यादी त्या साच्यात ओतली, असा माझा दावा आहे.

27 व्या कलमाचा खरा अर्थ लावला तो प्रिव्ही कौन्सिलने, 1947 मध्ये छापल्या गेलेल्या पुलुकुरी कोट्टय्या निकालात. तो लिहिणारे सर जॉन बोमंट आधी मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. सुरा छपरात लपवलाय, हे चालेल; त्याच सुऱ्याने भोसकलं, हे चालणार नाही. मुंबईच्या हाजी बंदरातून गेलेल्या रसायनाच्या तीन पिंपांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने आरोपीचं एकच वाक्य असंच मधोमध कापलं. पिंपं कुठे आहेत ते दाखवतो, हा तुकडा राहिला. बंदरातून मीच नेली, हा गळाला. पिंपं सर्वांचा वावर असलेल्या अंगणात सापडली होती, म्हणून उरलेल्या तुकड्यावर शिक्षाही टिकली नाही.

1 जुलै 2024 पासून पुरावा कायदा नवा आहे. 25, 26 आणि 27 ही तिन्ही जुनी कलमं त्याच्या 23 व्या कलमात एकत्र नांदतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या 105 व्या कलमाने झडती-जप्तीचं चित्रीकरणही सक्तीचं केलं आहे. पण ती भाषा झडती-जप्तीपुरती आहे, आणि मिरचीची वेळ त्याआधीची, आरोपी ‘काढून देतो’ म्हणतो आणि त्याचं ते बोलणं मेमोरँडम पंचनाम्यात उतरतं तेव्हाची. कॅमेरा तिथपासून चालू हवा.