बसचालकाचा मुलगा आणि अंजुमनची शाळा

आमच्या दुधनीत पालक मला विचारतात, "सर, खेळून पोट भरतंय का?" तेव्हा मी वसीम जाफरचा इतिहास सांगतो.

वडील मुंबईत बसचालक. शाळा अंजुमन-ए-इस्लामची. बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी ही संस्था उभारली. पंधराव्या वर्षी वसीमने शालेय सामन्यात नाबाद ४०० धावा केल्या. १९९६-९७ च्या मोसमात, मुंबईकडून दुसऱ्याच प्रथम श्रेणी सामन्यात, सौराष्ट्राविरुद्ध नाबाद ३१४.

पुढची वाट मात्र सरळ नव्हती. २००० मध्ये कसोटी पदार्पण झालं आणि दोनच सामन्यांनंतर तो संघाबाहेर गेला. पण त्याने रणजी सोडली नाही. २००६ मध्ये अँटिग्वात वेस्ट इंडीजविरुद्ध २१२ धावा केल्या. पुढे चाळिशीच्या उंबरठ्यावर विदर्भाकडून सलग दोनदा रणजी करंडक जिंकला.

त्या ४०० धावांनी नाव झालं. टिकवलं ते सबुरीने. आणि ते मैदान त्याला मिळालं शाळेमुळे. म्हणून पालकांना माझं एवढंच सांगणं असतं: पोराची शाळा सोडवू नका, त्याच्या हातातली बॅटही हिसकावू नका.