परळची चिठ्ठी

पूर्वी आमच्या उंब्रज-कऱ्हाडकडचा माणूस परळला जाई तो गिरणीत चिकटायला. गिरण्या बंद पडल्या, चिमण्या विझल्या, तरी परळची वाट काही मोडली नाही. आता माणसे जातात ती टाटा हॉस्पिटलात. तंबाखू-चुन्याची चिमूट आणि मिश्रीचे बोट ही दोन व्यसने कृष्णाकाठाने लाडाने पोसली. तोंडाच्या कर्करोगाने त्यांनी त्याची परतफेड केली. रोग शस्त्रक्रियेच्या हाताबाहेर गेला की तेथे कधी कधी डॉक्टर रोग्यापुढे मराठीत छापलेला एक कागद ठेवतात. दोन-तीन औषधे एकत्र देऊन पाहण्याची चाचणी चालू आहे, राजीखुशीने सामील होणार काय?

घरच्यांचा पहिला उद्गार ठरलेला असतो: ‘‘म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार?’’

या भीतीला हसण्याचे कारण नाही. पण त्या कागदामागे केवढा इतिहास आहे, आणि त्याचा आरंभही परळातच कसा झाला, हे सांगण्याजोगे आहे.

1928 साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईला आली. परळच्या हाफकिन संस्थेत तिचे काम चाले. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांना एक विलक्षण पंडुरोग होई. रक्ताचे पाणी होऊन बाळंतपणापूर्वीच त्या खंगत. विल्सबाईंनी त्यांचे खाणेपिणे तपासले, माकडांवर पडताळे घेतले, आणि अखेर यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रजांच्या न्याहारीतले साधे मार्माइट, त्या बायांना दिले. रक्त भरून येऊ लागले. हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. अर्कातले ते गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले. ज्या बायांच्या अंगावर हा शोध लागला त्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत.

योगायोग असा की त्याच 1931 साली मेहरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पती सर दोराबजी पुढच्याच वर्षी गेले, आणि त्यांच्या विश्वस्तनिधीतून 28 फेब्रुवारी 1941 रोजी परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले.

फॉलिक आम्लाची कथा तोवर सातासमुद्रापार गेली होती. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी ते आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांना मात्र असे दिसले की रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना ते दिले तर रोग उलट फोफावतो! मग त्याच्यासारखेच दिसणारे, पण पेशीला फसवणारे द्रव्य दिले तर? कुलपात नकली किल्ली अडकावी तसे. सुब्बारावांच्या प्रयोगशाळेने ती नकली किल्ली घडवून दिली. 1948 साली फार्बर यांनी 16 मुलांची हकीकत छापली. 10 मुलांना उतार पडला होता. उतार तात्पुरताच, रोग पुन्हा उलटे. सुब्बाराव त्याच वर्षी वारले. त्या किल्लीचे सुधारलेले रूप म्हणजे मेथोट्रेक्सेट.

एका औषधाला कर्करोग सरावतो, हे क्षयाच्या जंतूने आधीच शिकवले होते. म्हणून 1962 च्या सुमारास अमेरिकेत फ्राय आणि फ्रायरिक या डॉक्टरांनी मुलांना चार औषधे एकत्र द्यायचे धाडस केले. त्यांत मेथोट्रेक्सेट होते, आणि आपल्या परसातल्या सदाफुलीपासून काढलेले व्हिन्क्रिस्टिनही होते. ज्या फुलाला आपण देवापुढे ठेवण्यापलीकडे किंमत दिली नाही, त्याचे हे मोल! संयुक्त औषधोपचार तेथून रुळला. 1980 नंतर टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी, स्वतः चाकांच्या खुर्चीत बसून, मुलांच्या रक्तकर्करोगावर अशीच अनेक औषधांची पद्धत चालवली.

आता आपल्या तोंडाच्या रोगाकडे येऊ. हाताबाहेर गेलेल्या रोगावर सिस्प्लॅटिन तीन-तीन आठवड्यांनी शिरेतून देत. टाटातल्या डॉक्टरांनी विचारले, मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी आणि सांधेदुखीवरचे सेलेकॉक्सिब रोज, असे घरच्या घरी दिले तर? 422 रोगी सामील झाले. कोणाला काय मिळणार हे ना डॉक्टर ठरवणार, ना रोगी. जणू चिठ्ठी टाकायची. 2020 साली निकाल छापला. निम्मे रोगी जेथवर जगले तो आकडा शिरेतल्या औषधाने 6.1 महिने, गोळ्यांनी 7.5. शिवाय गोळ्यांचा त्रास कमी.

सव्वा-दीड महिना! शहरातला माणूस म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? त्याने ऊस कारखान्याला घालून बिलाची वाट पाहिलेली नसावी, किंवा लेकीच्या लग्नाची तिथी धरून दिवस मोजलेले नसावेत.

पुढच्या चाचणीत 151 रोगी होते. गोळ्या तीन प्रकारच्या झाल्या, आणि निम्म्यांना जोडीला निव्होलुमॅब हे महागडे औषध, नेहमीच्या मात्रेच्या दशांशाहूनही कमी. 2023 साली छापलेल्या निकालात वर्षभर जगलेले शेकडा 16.3 वरून 43.4 वर गेले.

आणि ज्यांची चिठ्ठी दुसऱ्या बाजूची निघाली त्यांचे काय? हा प्रश्न मला टोचतो, आणि टोचावाच. कोणते औषध सरस हे आधी ठाऊक असते तर चिठ्ठी टाकणे पापच ठरते. ठाऊक नव्हते, म्हणून ती टाकली. पण 6.1 हा आकडा त्या दुसऱ्या बाजूच्या माणसांनी दिला. तो नसता तर 7.5 ला काही अर्थ उरला नसता. गिरणीतल्या बायांना कोणी कागद दाखवला असेल असे वाटत नाही. या माणसांना दाखवला. त्यावर लिहिलेले असते की केव्हाही बाहेर पडता येईल, आणि त्यामुळे उपचार थांबणार नाहीत. घरच्यांनी निदान ते कलम मोठ्याने वाचून घ्यावे, डॉक्टरला दोनदा विचारावे, आणि मग सही करावी वा करू नये.

त्या 151 जणांपैकी निम्म्याहून अधिक वर्षाच्या आतच गेले. दोन औषधांच्या त्या गोळ्या मात्र आज मुंबईबाहेरही लिहून दिल्या जातात. त्या पिशवीत टाकून माणूस रात्रीच्या एसटीने निघतो आणि पहाटे उंब्रजच्या फाट्यावर उतरतो.