बिल्टीवरची पंधरा तारीख

परदेशातून यंत्र घ्यायचं, तर आधी काय सुटायचं, पैसा की माल? यावर व्यापाऱ्यांनी काढलेली तोड म्हणजे बँकेचं पतपत्र. बाजारात त्याला 'लेटर ऑफ क्रेडिट' म्हणतात. ठरलेले कागद दाखवा, बँक पैसे देईल, असा तो वायदा.

आता एक दाखला ऐका. पेरू देशातल्या एका कंपनीने इंग्लंडहून काचतंतू बनवण्याची यंत्रं मागवली. २० टक्के रक्कम सुरुवातीला, ७० टक्के जहाजाची बिल्टी वगैरे कागद दाखवल्यावर, उरलेले १० टक्के यंत्रं उभी राहिल्यावर. माल १५ डिसेंबर १९७६ पर्यंत जहाजावर चढायचा होता. चढला १६ तारखेला. पण माल चढवणाऱ्या दलालाच्या माणसाने बिल्टीवर १५ घातली. बँकेने पैसे नाकारले. तंटा थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. १९८२ साली निकाल लागला : विकणाऱ्याला ही लबाडी ठाऊक नव्हती, कागद वरून ठीक होते, तेव्हा या कारणावरून बँकेला पैसे अडवता येत नाहीत. अर्धी रक्कम मात्र बुडाली. कारण पेरूचा चलनकायदा चुकवण्यासाठी किंमत मुद्दाम दुप्पट लिहिली होती.

यातून आपण काय घ्यायचं? बँक कागद पाहते, यंत्र पाहत नाही. बैल घेताना आपण दात मोजतो ना? इथे दात मोजणारा आपणच नेमायचा. माल चढण्यापूर्वी त्रयस्थाने तपासल्याचा दाखला पतपत्रातच मागावा, आणि शेवटचा हप्ता यंत्र चालेपर्यंत हाती राखावा.